लेश्यावृक्ष आणि आपली फळबाग

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषणाचा पाठ)



धर्मशाळेमागील जुन्या फळबागेच्या पुनरुज्जीवनाविषयी दोन शब्द बोलण्याची आज्ञा झाली आहे.

आचार्य नेमिचंद्रांच्या ‘गोम्मटसारा’तील सहा वाटसरूंचा दृष्टांत आपण सर्व जाणतो. फळांनी लगडलेला वृक्ष पाहून कृष्ण लेश्येचा मनुष्य तो मुळासकट उपटू पाहतो. नील लेश्येचा बुंधा, कापोत लेश्येचा मोठी फांदी, तर पीत लेश्येचा डहाळी तोडू इच्छितो. पद्म लेश्येचा केवळ फळे खुडू इच्छितो आणि शुक्ल लेश्येचा गळालेल्या फळांवरच संतोष मानतो. भूक सहाही जणांची सारखीच. भेद आहे तो भावांचा.

युवकांनी हाती करवत घेतली, तेव्हा काही ज्येष्ठांनी विचारले, “फांद्या तोडणे ही कापोत लेश्या नव्हे काय? खड्डे खणताना जीवहिंसा होणार नाही काय?” प्रश्न रास्त होता. आंब्यांवर बांडगूळ माजले होते. ते झाडाचा रस शोषून त्यास क्षीण करते. म्हणून घरटी असलेल्या फांद्या वगळून केवळ वाळलेल्या व बांडगूळ धरलेल्या फांद्या काढल्या आणि छाटलेल्या जागी चुना व मोरचूद यांची बोर्डो पेस्ट लावली. जांभूळ, आवळा व चिकू यांच्या रोपांसाठी खड्डे वैशाखातच खणले, कारण पावसाळ्यात ओल्या मातीत जीवोत्पत्ती अधिक असते. गृहस्थास आरंभी हिंसा सर्वस्वी टाळता येत नाही, परंतु विवेकाने ती अल्प करता येते.

बागेची जागा सपाट करून भाड्याने द्यावी, असा विचारही अधूनमधून कानी येतो. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर वृक्ष हे भांडवल आणि फळ हे व्याज होय. भांडवल मोडून खाणाऱ्याची पेढी टिकत नाही. दृष्टांतातील पहिला वाटसरूही याहून वेगळे काय करीत होता?

रोप लावून छायाचित्र काढणे सोपे आहे; त्याची कसोटी लागते ती पुढील उन्हाळ्यात. बियांपासून वाढलेल्या जांभळास फळ धरण्यास 8 ते 10 वर्षे लागतात. आज पाणी घालणाऱ्या आम्हा ज्येष्ठांपैकी कित्येकांच्या नशिबी ते फळ नसेल. तरीही प्रत्येक कुटुंबाने एका रोपास तीन उन्हाळे पाणी घालण्याचा नियम आज घ्यावा, ही माझी नम्र विनंती. शेंड्यावरील फळे पाखरांची, बाकीची धर्मशाळेत उतरणाऱ्या यात्रेकरूंची, आणि गळालेली आपली, अशी वाटणी झाली तर या महोत्सवाचे सार्थक होईल.

जय जिनेंद्र!