वेगाची पुस्तकं

(सोसायटीच्या वाचनकट्ट्यावर केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून)



या कट्ट्यावर आजवर कुणी पुलंवर बोललं, कुणी जीएंवर. मी मोटार शर्यतींच्या इतिहासाच्या पुस्तकांवर बोलणार म्हटल्यावर सेक्रेटरींनी दोनदा विचारलं, "काका, नक्की ना?" त्यांचंही बरोबर आहे. मी जन्मभर बँकेत नोकरी केली, आणि माझी स्कूटर कधी पन्नासच्या वर गेली नाही. ही पुस्तकं माझी नव्हेत, आमच्या चिरंजीवांची.

त्याने बाइक घेतली आणि आमच्या घरातली शांतता गेली. रात्री तो येईपर्यंत मी गॅलरीत उभा. आला की भांडण. शेवटी बोलणंच बंद झालं. जेवताना निरोप सौ.मार्फत जायचे. त्याच्या खोलीत रेसिंगची इंग्रजी पुस्तकं ओळीने लावलेली. मला वाटायचं, हे विष इथूनच भिनतंय. एका रात्री पुरावा गोळा करायचा म्हणून त्यातलं एक काढलं.

हाती आलं 'लाइफ अ‍ॅट द लिमिट'. लेखक कोण, तर प्रोफेसर सिड वॉटकिन्स, लंडनचे मेंदूचे सर्जन! १९७८ साली ते फॉर्म्युला वनचे डॉक्टर झाले. त्याच वर्षी इटलीत मोंझाला शर्यत सुरू होताच रॉनी पीटरसनच्या गाडीला अपघात झाला. पोलिसांनी कडं केलं आणि खुद्द वॉटकिन्सनाच आत सोडलं नाही. ॲम्ब्युलन्स यायला पंधरा मिनिटांहून जास्त लागली. दुसऱ्या दिवशी पीटरसन गेला. मग या डॉक्टरांनी हट्ट धरला: पहिल्या फेरीत गाड्यांच्या मागोमाग डॉक्टरची गाडी धावलीच पाहिजे, भूलतज्ज्ञ हवा, हेलिकॉप्टर हवं. आज टीव्हीवर पहिल्या फेरीत सगळ्यांच्या मागे एक वेगळी गाडी दिसते ना, तिची गोष्ट ही अशी.

चिरंजीव आले तेव्हा दीड वाजला होता. मी भांडायचं विसरून विचारलं, "अरे, हा पीटरसन वाचला असता का रे?" तो दारातच थांबला. मग बूट न काढता बसला आणि बोलत राहिला. कित्येक महिन्यांनी.

पुढचं पुस्तक त्यानेच हातात दिलं: जॅकी स्टुअर्टचं आत्मचरित्र, 'विनिंग इज नॉट इनफ'. हा तीन वेळचा जगज्जेता. १९६६ साली बेल्जियममध्ये स्पा इथे पहिल्याच फेरीत पाऊस आला आणि याची गाडी रस्त्याबाहेर गेली. स्टिअरिंगखाली पाय अडकलेले, अंगावर पेट्रोल गळतंय, आणि मदतीला पथक नाही. ग्रॅहम हिल आणि बॉब बाँडुरंट या दोन ड्रायव्हरांनी एका प्रेक्षकाच्या टूलबॉक्समधले पाने घेऊन स्टिअरिंग काढलं, तेव्हा तो सुटला. त्यानंतर स्टुअर्ट आपल्या गाडीत स्टिअरिंगजवळ एक पाना चिकटवून ठेवायचा. पट्टे, कठडे, डॉक्टर यांसाठी तो भांडत राहिला. भित्रा म्हणून हिणवणारेही होतेच.

आणि १९५५ साल. १ मे रोजी इटलीत मिल्ले मिलिया ही सुमारे सोळाशे किलोमीटरची शर्यत, तीही साध्या रहदारीच्या रस्त्यांवर. स्टर्लिंग मॉसने मर्सिडीज ३०० एसएलआर १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत शेवटाला नेली. शेजारी डेनिस जेंकिन्सन हा दाढीवाला पत्रकार. त्याने रस्त्याचं प्रत्येक वळण आधी जाऊन टिपलेलं. सतरा-अठरा फुटांची ती गुंडाळी डबीत फिरवत तो हाताच्या खुणांनी मॉसला वळण सांगायचा. वाऱ्याने त्याचा चष्मा उडाला, तर खिशात दुसरा तयार! पुढे या प्रवासावर त्याने 'मोटर स्पोर्ट' मासिकात लिहिलेला लेख आजही वाचला जातो. मला वाटत होतं हे लोक बेफिकीर. हा तर आमच्या ऑडिटरपेक्षा काटेकोर!

पण सहाच आठवड्यांनी, ११ जूनला, त्याच मॉडेलची गाडी फ्रान्समध्ये ल मान्सला गर्दीत घुसली. ऐंशीहून जास्त माणसं गेली. गाड्या इंधनासाठी थांबतात ती जागा आणि धावता रस्ता यांच्यामध्ये भिंतच नव्हती. शर्यत १९२३ पासूनची. गाड्यांचा वेग कितीतरी वाढला, रस्ता मात्र फारसा बदलला नव्हता. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि चिरंजीवांना म्हटलं, "एवढं सगळं वाचतोस, मग तुझं हेल्मेट डोक्याऐवजी कोपरात का असतं?"

तो म्हणाला, "बाबा, तुम्ही मंडईत जाताना घालता?"

उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी दोघांनीही घातलं. रोज घालतो का, ते सौ.ला विचारा. पण गॅलरीतून ओरडणं मी बंद केलं, आणि उशीर होणार असेल तर त्याचा फोन येतो.

आता शेवटचं, आणि हे आपल्या घरचं. गेल्या वार्षिक सभेत गेटपासून पार्किंगपर्यंत गतिरोधक घालायचा ठराव आला होता. "पंचवीस वर्षांत काही झालं नाही ना, मग खर्च कशाला?" असं म्हणणाऱ्यांत मी सर्वांत पुढे होतो. त्याच रस्त्यावर संध्याकाळी आपली मुलं क्रिकेट खेळतात. ल मान्सचं वाचल्यापासून ते वाक्य माझ्या घशात अडकलंय. यंदा तो ठराव मी मांडणार आहे. अनुमोदक हवा आहे.

चिरंजीव नोकरीसाठी परगावी गेले. जाताना त्यांनी ही पुस्तकं सोसायटीच्या वाचनालयाला दिली आहेत. खिडकीजवळच्या कपाटात खालचा कप्पा. वेगाची म्हणून मुलांपासून लपवू नका. आधी स्वतः वाचा, मग मुलांना द्या.