सामायिक मेलबॉक्समध्ये बदल कुणी केला?
कार्यालयाचा तक्रारींचा मेलबॉक्स एकच असतो आणि पाच-सहा जण तो हाताळतात. त्यातला एखादा ईमेल नाहीसा झाला की संशय सगळ्यांवरच येतो. म्हणून अशा बदलांची नोंद ठेवणं ही पाळत नव्हे, निर्दोष कर्मचाऱ्याचं ते संरक्षण आहे. मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज सर्व्हरमध्ये ही सोय 2010 च्या आवृत्तीच्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून आहे. मालक, अधिकार दिलेला सहकारी आणि प्रशासक यांपैकी कुणी काय हलवलं, काय पुसलं, हे त्याच मेलबॉक्सच्या दडलेल्या फोल्डरमध्ये नोंदता येतं. वेगळं काही ठरवलं नाही, तर ही नोंद 90 दिवस टिकते. मात्र कार्यालयाच्या स्वतःच्या सर्व्हरवर ही सोय आपोआप सुरू नसते. घटना घडून गेल्यावर ती सुरू केली, तर मागचं काहीच हाती लागत नाही, आणि हेच फार उशिरा लक्षात येतं.

अशा नोंदीनं खासगीपणावर घाला येतो, असा आक्षेप घेतला जातो. तो गंभीर आहे. पण नोंदीत कृती, वेळ आणि खातं येतं, पत्राचा मजकूर नाही. प्रशासकानंच नोंद बंद केली तर? त्याच्या आज्ञांची वेगळी नोंद होते. खरी पळवाट दुसरीकडेच आहे. सगळे एकाच पासवर्डनं आत शिरले, तर नोंदीत एकच नाव दिसणार. म्हणून प्रत्येकाला स्वतःच्या खात्यातूनच सामायिक मेलबॉक्सचा अधिकार द्यायला हवा.