टोळीत कोण जातो आणि टोळीकडे कोण जातो



वसंत व्याख्यानमाला म्हटली की साहित्य, संगीत, इतिहास अशा विषयांची आठवण होते. अशा ठिकाणी गुंडांच्या टोळ्यांवर बोलायला उभा राहिलेला वक्ता रसभंग करणार, अशी शंका आपल्या मनात आली असल्यास ती अगदीच निराधार नाही. परंतु हा विषय परका नाही. एके काळी आपल्या कोकणातली माणसे पोटासाठी मुंबईच्या गिरण्यांत गेली; आज मुंबईच खाडी ओलांडून पनवेलला आली आहे. तिच्याबरोबर काय काय येऊ शकते, हे वेळीच समजून घेतलेले बरे.

माणूस टोळीत का जातो, या प्रश्नाची तीन उत्तरे कोणत्याही कट्ट्यावर ऐकायला मिळतात. पहिले, ते रक्तातच असते. दुसरे, गरिबी माणसाला तिकडे ढकलते. तिसरे, संगत वाईट. समाजशास्त्रानेही गेल्या दीडशे वर्षांत हीच तीन उत्तरे तपासली आहेत. आपणही ती एकेक करून तपासू.

पहिले उत्तर रक्ताचे. लोंब्रोझो या इटालियन वैद्याने १८७६ साली ग्रंथ लिहून असे मांडले की जन्मजात गुन्हेगार त्याच्या कवटीवरून आणि जबड्यावरून ओळखता येतो. आपल्याकडे इंग्रज सरकार त्याच्या ग्रंथासाठी थांबले नव्हते. १८७१ सालीच त्यांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि पुढे तो आपल्या इलाख्यातही आला. सोलापुरात तारांच्या कुंपणाआड ‘सेटलमेंट’ उभी राहिली. तिथे जन्मलेले मूल पाळण्यातच गुन्हेगार ठरत असे. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला आणि त्या जमाती ‘विमुक्त’ म्हणवल्या जाऊ लागल्या. पण कागदावरून पुसलेला शिक्का लोकांच्या डोळ्यांतून पुसला गेला नाही. हॉवर्ड बेकर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९६३ साली हेच सांगितले : समाज ज्याच्या कपाळी शिक्का मारतो, त्याला सरळ वाटा बंद होतात आणि अखेर तो त्या शिक्क्याप्रमाणेच वागू लागतो.

रक्ताच्या उत्तराचा निकाल शिकागो शहरात लागला. शॉ आणि मॅके या दोघा अभ्यासकांनी तिथल्या वस्त्यांचा अनेक वर्षांचा हिशेब मांडला. कारखान्यांलगतच्या काही वस्त्यांत आधी एका देशाचे लोक राहत. ते सुस्थितीत आल्यावर निघून गेले, दुसऱ्या देशाचे आले. वस्तीतले रक्त बदलले, पण गुन्ह्यांचे प्रमाण तिथे चढेच राहिले. जे निघून गेले त्यांच्या मुलांत मात्र ते उतरले. तेव्हा शोध कवटीत न घेता वस्तीत घ्यायला हवा.

आता दुसरे उत्तर, गरिबीचे. यासाठी आपण आपल्या परिचयाच्या गिरणगावात जाऊ. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. असंख्य कामगारांना पुन्हा साच्यावर उभे राहता आले नाही. त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत लालबाग, परळ, भायखळा, चिंचपोकळी या भागांतल्या टोळीयुद्धांच्या बातम्यांनी वर्तमानपत्रे भरून गेली. त्यावरून लोक म्हणू लागले की संपाने टोळ्या जन्माला घातल्या.

हे वाक्य सहानुभूतीचे आहे, पण पुरते खरे नाही. भायखळ्याच्या पोरांची टोळी संपापूर्वीच जमली होती. आणि दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. अडीच लाख घरांतली चूल थंडावली, तरी टोळीत गेलेली मुले मूठभरच. बाकीच्यांनी भाजी विकली, पहारेकऱ्याची नोकरी धरली, कोणी गावी परतून पुन्हा नांगराला हात लावला. बायकांनी डबे करून संसार चालवले. एकाच दहा बाय बाराच्या खोलीतला एक भाऊ रात्रशाळेत गेला आणि दुसरा दादाच्या दारात उभा राहिला, तर दोघांची गरिबी एकच होती. गरिबीने सगळे उलगडत असते तर गिरणगावात सज्जन माणूस औषधालाही सापडला नसता.

रॉबर्ट मर्टन यांनी १९३८ साली या कोड्याची एक गाठ सोडवली. ते म्हणतात, नुसती गरिबी घातक नसते. समाज सर्वांना एकच स्वप्न दाखवतो, पैसा, मान, मोठेपणा. परंतु तिथे पोचण्याची शिडी काही जणांनाच देतो. ज्यांना शिडी मिळत नाही त्यांतले काही जण आडवाट शोधतात. यात क्लोवर्ड आणि ओहलिन या जोडीने १९६० साली भर घातली. आडवाटही मनात आले म्हणून सापडत नाही. तिलाही दार असावे लागते, आणि दारावर ओळखीचा माणूस असावा लागतो.

मुंबईत ही दारे आधीच उघडलेली होती. १९४९ च्या कायद्याने दारूबंदी आली आणि हातभट्टीचा धंदा फोफावला. वरदराजन मुदलियारचे साम्राज्य त्यावर उभे राहिले. १९६३ पासून सोन्यावर नियंत्रण आले आणि गोदीच्या परिसरात चोरट्या सोन्याला तेजी आली. हाजी मस्तानचे नाव त्यातून झाले. साठच्या दशकात मटक्याने चाळीचाळीत आपली माणसे नेमली. म्हणजे गिरणीचे दार बंद झाले त्या वेळी शेजारचे दार वीस-तीस वर्षांपासून सताड उघडे होते.

तरीही एक प्रश्न उरतोच. एकाच मजल्यावरच्या दोन मुलांपैकी एकच त्या दारातून आत का गेला? इथे तिसऱ्या उत्तराकडे, संगतीकडे वळावे लागते. एडविन सदरलँड यांनी असा सिद्धांत मांडला की गुन्हा हाही सुतारकामासारखा शिकावा लागतो, आणि तो जवळच्या माणसांकडूनच शिकला जातो. हातांना कसब मिळते, तसे मनाला समर्थनही मिळते. ‘सगळेच खातात, मग आपण का नको?’ हे वाक्यसुद्धा कोणीतरी शिकवावे लागते.

गिरणीतला नवा मुलगा आठवा. काका किंवा गाववाला त्याला जॉबरकडे नेई, तो बदली म्हणून लागे, साचा शिकता शिकता कायम होई. टोळीतली भरतीही अशीच, ओळखीने. आधी चहा आणायचा, मग निरोप पोचवायचा, मग नाक्यावर लक्ष ठेवायचे. पिस्तूल फार शेवटी येते. फ्रेडरिक थ्रॅशर यांनी शिकागोतल्या १३१३ टोळ्यांचा अभ्यास करून १९२७ साली लिहिले की बहुतेक टोळ्यांचा आरंभ पोरांच्या खेळातून होतो, आणि बाहेरच्यांशी झालेल्या झगड्यातून त्या घट्ट होतात. ‘चला रे, आता गुन्हेगार होऊ’ असे म्हणून कोणी घराबाहेर पडत नाही. तो मित्रांत जातो. तिथे त्याला नावाने हाक मारणारे भेटतात.

पैशाचे म्हणाल तर तोही भ्रमच. शिकागोतल्या एका टोळीची हिशेबाची वहीच अभ्यासकांच्या हाती आली. लेव्हिट आणि वेंकटेश यांनी २००० साली ती प्रसिद्ध केली. तळाच्या पोरांची कमाई साध्या मजुरीच्या आसपास होती. मलई वरच्यांची, मरण खालच्यांचे. तरी मुले जातात, कारण काम, सोबत आणि नाव या तिन्ही गोष्टी त्यांना एकाच जागी मिळतात. चालू गिरणी या तिन्ही गोष्टी देत होती. तिच्या आधाराने युनियन, भजनी मंडळ, गाववाल्यांची खोली, कबड्डीचा संघ हे सारे उभे होते. गिरणी बंद पडली तेव्हा पगाराबरोबर हा सगळा मांडवच कोसळला.

इथवर आपण टोळीत कोण जातो ते पाहिले. परंतु आज मला खरे बोलायचे आहे ते पुढच्या प्रश्नावर : टोळीकडे कोण जातो?

दिएगो गांबेता यांनी सिसिलीच्या माफियावर १९९३ साली ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे असे की माफिया हा मुळात संरक्षण विकणारा दुकानदार आहे. जिथे कायद्याचा निवाडा वेळेवर मिळत नाही आणि माणसांचा एकमेकांवर विश्वास नसतो, तिथे या मालाला गिऱ्हाईक मिळते. मुंबईत दादांचे दरबार भरत, तिथे कोण येई? भाडेकरू निघत नाही म्हणून घरमालक येई, मालक छळतो म्हणून भाडेकरू येई, बुडीत उधारीसाठी व्यापारी येई. पुढे गिरण्यांच्या जमिनी विक्रीयोग्य झाल्या आणि त्यांचे भाव गगनाला भिडले. गिरणीमालक सुनीत खटाव यांची १९९४ साली हत्या झाली. १६ जानेवारी १९९७ रोजी डॉ. सामंतांवर गोळ्या झाडल्या गेल्या. दोन्ही तपासांत टोळ्यांची नावे पुढे आली. आणि दगडी चाळीच्या अरुण गवळीला २००४ साली चिंचपोकळीच्या मतदारांनी रीतसर मते देऊन विधानसभेत पाठवले. २०१२ साली एका नगरसेवकाच्या खुनाबद्दल त्याला जन्मठेप झाली. मते देणारे सारे गुन्हेगार होते काय? मुळीच नाही. आपले काम लवकर करून देणारा माणूस त्यांना हवा होता, इतकेच.

म्हणून मी म्हणतो, पोर टोळीत जाते त्याच्या आधी प्रतिष्ठित माणूस टोळीकडे गेलेला असतो. काम देणाराच नसेल, तर दादा पोरांना पोसणार कशावर?

आता आपल्या घराकडे पाहू. १९७० साली सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या पंचाण्णव गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. भातशेती, मिठागरे, खाडीतली मासेमारी यांवर बेतलेले आयुष्य एका पिढीत उलटेपालटे झाले. दर्खाइम या फ्रेंच पंडिताने १८९७ सालीच बजावले होते की अचानक आलेल्या दारिद्र्याप्रमाणे अचानक आलेली श्रीमंतीही माणसाची जुनी बंधने सैल करते. पैसा हातात येतो, पण रोजचे काम जाते. याचा अर्थ इथली मुले बिघडली असा कोणी काढू नये. याच भूमीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी एकत्र आले, जानेवारी १९८४ मध्ये गोळीबारात पाच जणांनी प्राण दिले, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांचा हक्क मिळवला गेला. तो संतापही लहान नव्हता. पण त्याला संघटना मिळाली, पुढारी मिळाला, उघड मार्ग मिळाला. संतापलेल्या तरुणाला कोण आधी गाठतो, यावर पुष्कळसे ठरते.

कायद्याचे काम कायदा करील. १९९९ साली महाराष्ट्राने संघटित गुन्हेगारीविरुद्ध मोक्का आणला; १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेतही त्यासाठी स्वतंत्र कलम आहे. परंतु कायदा गेलेल्याला धरतो, जाणाऱ्याला अडवणे त्याच्या हाती नाही. ते तुमच्या-माझ्या हाती आहे. जागा रिकामी करून घ्यायला किंवा उधारी वसूल करायला ‘माणूस’ पाठवायचा नाही. कोर्टात वर्षे गेली तरी नाही. आपल्या आळीतल्या मंडळाला वर्गणी द्यायची, पण हिशेबही मागायचा, आणि अधूनमधून त्या पोरांत जाऊन बसायचे. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. तळोज्याचा तुरुंग आपल्याच तालुक्यात आहे. तिथून शिक्षा भोगून सुटलेला मनुष्य दुकानात काम मागायला आला, तर त्याला निदान एकदा उभे करायचे. सॅम्पसन आणि लॉब यांनी अनेक गुन्हेगारांच्या आयुष्यांचा मागोवा घेऊन दाखवले आहे की स्थिर नोकरी आणि जिव्हाळ्याचा संसार लाभला की पुष्कळ जण ती वाट सोडतात. शिक्का आपण मारतो, तो पुसण्याची पाळीही आपलीच.

आज घरी जाताना नाक्यावर पाच-सहा मुले उभी दिसतील. त्यांच्याकडे पाहून नाक मुरडण्याआधी एवढेच आठवा की त्यांतल्या एकाला तरी तुम्ही नावाने ओळखता का. तुम्ही ओळखत नसाल, तर त्याला ओळखणारा दुसरा कोणीतरी वाटेवर आहेच.