'बंगाल' आणि 'ओंडिना'



आपला गोंदियाचा मुलूख धानाचा नि तळ्यांचा. समुद्र आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलेला नाहीं. तरी समुद्रावरची ही हकीकत ऐका; ती गरिबाघरच्या पोरांची आहे.

ता. ११ नोव्हेंबर १९४२ रोजीं 'ओंडिना' हें डच तेलवाहू जहाज हिंदी महासागरांतून चाललें होतें. राखणीला हिंदी आरमाराची लहानशी 'बंगाल'. या आरमारांत कोंकणांतल्या मराठा व मुसलमान घरचीं पोरें पुष्कळ असत. समोरून दोन जपानी जहाजें आलीं. प्रत्येक दहा हजार टनांवर, तोफा साडेपांच इंची. 'बंगाल'जवळ मोठी तोफ एकच, तीही तीन इंची! तरी ती उलट चालून गेली. 'ओंडिना'नेंही आपली चार इंची तोफ डागली. 'होकोकु मारू' पेटलें, स्फोट होऊन बुडालें.

'ओंडिना'चा कप्तान मारला गेला, टॉर्पेडो लागले, खलाशी होड्यांत उतरले. पण तेलाच्या जहाजाचें पोट कप्प्याकप्प्यांचें. एक बांधी फुटली म्हणून सारें शेत वाहून जात नाहीं, तसेंच हें. दुसरें जपानी जहाज निघून जातांच खलाशी परत चढले, आग विझविली, जहाज ऑस्ट्रेलियांत फ्रीमँटलला नेलें. 'बंगाल'ही सुखरूप बंदराला लागली.

याच आरमाराच्या खलाशांना फेब्रुवारी १९४६ मध्यें मुंबईस निकस अन्न नि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या यांविरुद्ध उठावें लागलें. राखणदाराच्या ताटाची नि मानाची राखण कोणीं करावयाची? हा प्रश्न आपण आपल्या गांवांतही विचारावा.