आधी वहीत नाव, मग ढिगाऱ्यावर पाय
(भूकंपाच्या गावांहून परतलेल्या साथींनी शिबिरात केलेलं बोलणं)



३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमाराला लातूर आणि तेव्हाचं उस्मानाबाद, म्हणजे तिथली माणसं धाराशिव म्हणायची त्या जिल्ह्यात, धरणी हलली. तुम्ही घरटी मूठमूठ तांदूळ-नागली दिलीत. ती घेऊन आम्ही अकरा जण उमरगा तालुक्यात सास्तूरकडे गेलो. तिथं किती मेले ते तुम्ही ऐकलंच आहे. आज बोलायचं ते गेलेल्या अकरा जणांचं काय झालं त्यावर. आपलंच रडगाणं गातात म्हणू नका, शेवटपर्यंत ऐका.

तिकडची घरं आपल्यासारखी कुडाची नाहीत. हात-दोन हात जाड दगडाच्या भिंती, दगड नुसत्या मातीत बसवलेले. वर माळवद, म्हणजे लाकडावर मातीचा जाड थर. रात्री गणपती बुडवून दमून निजलेल्या माणसांवर ते सगळं आलं. (आपल्या कुडाला मागास म्हणतात. पण कूड अंगावर पडला तर माणूस उठून उभा राहतो.)

ती माती उपसायची म्हणजे पिठाच्या गिरणीत उभं राहिल्यासारखं. नाकातोंडात धूळ. मग पाऊस आला, धुळीचा चिखल झाला आणि वास सुटला. प्रेतं उचलली ती उघड्या हातांनी. ब्लीचिंग पावडर फेकली ती पण हातांनीच, डोळे दोन दिवस चुरचुरत होते. सरणाचा धूर वेगळाच. तुळयांतून खिळे वर आलेले. धनुर्वाताची इंजेक्शनं देत होते, पण कोणाला दिलं ते कोणी लिहीत नव्हतं. आमच्यातल्या दोघांनी दोनदा घेतलं आणि ज्याच्या पायात खिळा गेला त्याला एकदाही मिळालं नाही! तो वाचला, नशीब.

एक समज मात्र काढून टाका. भूकंपात मेलेल्यांच्या प्रेतांनी गावात साथ येते असं नाही. साथ येते ती घाण पाण्यानं. पण प्रेत उचलणाऱ्यानं हात झाकायचे, साबणानं धुवायचे आणि मगच भाकरीला हात लावायचा. हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं.

परत आल्यावर एका भावाचा खोकला गेलाच नाही. चढावर प्लॉटवर जाताना तीनदा बसतो. दुसरा रात्री ओरडत उठतो आणि घराबाहेर पळतो. खोकलेवाल्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं विचारलं, किती दिवस धुळीत होता, तोंडाला फडकं होतं का, आधी खोकला होता का? भाऊ म्हणाला, 'लई दिवस'. कागदावर 'जुना खोकला' लिहून आलं. धुळीचा आहे की टीबी आहे, अजून कळत नाही.

लष्कराच्या जवानांची हजेरी असते. कोण कुठल्या गावात होता ते सांगता येतं. आम्ही कोणाच्याच हजेरीवर नव्हतो.

साथींनो, कागदाची किंमत आपल्याला कोणी शिकवायला नको. जंगलखात्यानं दंड केला तेव्हा आपण पावती चुलीत घातली. मग १९७८ च्या आधीपासून जमीन कसतो हे दाखवायची वेळ आली आणि ज्यानं पावती छपरात खोचून ठेवली होती त्याच्याकडे पुरावा निघाला. भोपाळला १९८४ साली विषारी वायू सुटला. पुढे भरपाई मागताना त्या बिचाऱ्यांना आपल्याला वायू लागला हे कागदानं दाखवावं लागलं. फुप्फुसं जळलेल्या माणसानं कागद शोधत फिरायचं!

म्हणून यापुढे पूर असो, दरड असो की वणवा, संघटनेची तुकडी निघेल तेव्हा एकाच्या हातात वही राहील. निघताना कोणाला काय दुखणं आहे ते लिहायचं. रोज रात्री कोण कुठं होतं, किती वेळ, धुळीत, धुरात की प्रेतांजवळ, तोंड झाकलं होतं का, काय लागलं, कुठली सुई घेतली, ते लिहायचं. झोप लागली का, हे पण. परतल्यावर महिन्यानं आणि सहा महिन्यांनी पुन्हा विचारायचं. एक नकल ज्याची त्याच्या घरी राहील. लिहिता येत नसेल तर अंगठा द्या, शाळेतलं पोर लिहील.

वही आणली आहे. जेवणं झाली की अकराही जण इथंच बसू. त्या दिवसांत कोण कुठं होतं ते एकमेकांना विचारून लिहून काढू. खोकलेवाल्या भावाचं पान पहिलं. सोमवारी ते घेऊन त्याला पुन्हा दवाखान्यात न्यायचं आहे, सोबत दोघं जण लागतील.