दोन लिपी, एकच सराव



साहित्यसंस्थेच्या व्यासपीठावर टायपिंगचा विषय पाहून काहींना नवल वाटले असेल. पण आपली मुले ज्या कचेऱ्यांत नोकरी करतात, तिथे गुजराती टायपिंग लागते. आणि घरी आजोबांच्या मराठी वह्या कपाटात पडून आहेत. दोन्हींना एकच सराव पुरतो, हे सांगायला मी उभा आहे.

मी नोकरीत पंधरा वर्षे दोन बोटांनी टाइप करत होतो. नजर आधी कागदावर, मग बटणांवर, मग पडद्यावर. मधली ओळ सुटायची. अक्षर शोधता शोधता मनातले वाक्य निसटायचे. पन्नाशीत न पाहता टाइप करायला शिकलो. पहिले काही आठवडे वेग उलट घटला. बहुतेक जण तिथेच सोडतात. तेवढे दिवस मात्र सोसावे लागतात.

इन्स्क्रिप्ट कीबोर्डची मांडणी आपल्या मुळाक्षरांवरच बेतलेली आहे. काना-मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. उजव्या मधल्या बोटाखाली ‘क’, शिफ्ट दाबून ‘ख’; त्याच्या वरच्या बटणावर ‘ग’, शिफ्ट दाबून ‘घ’. शेजारी ‘त’ आणि ‘थ’, वर ‘द’ आणि ‘ध’. गुजराती इन्स्क्रिप्टमध्येही ही अक्षरे याच जागी असतात. बोटे तीच, पडद्यावरची लिपी तेवढी बदलते.

‘ल’च्या बटणावर शिफ्ट दाबली की ‘ळ’ उमटतो. आपली नातवंडे मोबाइलवर रोमन लिपीत मराठी लिहितात. तिथे ‘बाळ’ आणि ‘बाल’ सारखेच दिसतात. ‘ळ’ लिहिण्यातून गेला, की उच्चारातून जायला वेळ लागत नाही.

शिकायचे कसे? ‘एफ’ आणि ‘जे’ या बटणांवर बारीक उंचवटे असतात. तिथे दोन्ही तर्जन्या ठेवा, हातांवर रुमाल टाका, आणि रोज वीस मिनिटे मधल्या ओळीपासून सुरुवात करा. आधी अचूकता, वेग मागून येतो.

माझ्या वडिलांच्या वहीची चाळीस पाने मी टाइप केली आहेत. दोन पानांवरची शाई मात्र इतकी उडाली आहे, की ती आता वाचता येत नाहीत. दहा वर्षांपूर्वी शिकलो असतो, तर तीही वाचली असती. आपल्या घरच्या वहीचे पहिले पान या आठवड्यातच उघडा, एवढीच विनंती.