खिडकी गोठू नये म्हणून

म्हैसूरच्या चामराजपुरममधून बोलतोय. आजचा विषय: डेस्कटॉपवरच्या प्रोग्रॅमने नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनशी बोलायचं, पण बोलताना स्वतःची खिडकी गोठू द्यायची नाही.

साधन घेऊ क्यूट. नॉर्वेच्या ट्रोलटेक कंपनीने ते १९९५ साली बाहेर आणलं. मुंबई आयआयटीच्या फॉसी प्रकल्पातलं ईसिम हे सर्किटचं सॉफ्टवेअर पायक्यूटीवर, म्हणजे याच क्यूटवर उभं आहे.

चौकीत फोन सांभाळायच्या दोन पद्धती. एक, रिसीव्हर कानाला लावून बसून राहा. दुसरी, घंटी वाजली की उचला, तोवर बाकीची कामं करा. खिडकी रंगवणं, माऊसकडे लक्ष देणं, हे सगळं एकच थ्रेड करतो. त्याला ‘वेटफॉररेडीरेड’ सांगितलंत की तो रिसीव्हर धरून बसला. वेळ दिली नाहीत तर ठरलेली मुदत ३० सेकंदांची. तेवढा वेळ खिडकी मेलेली. ऑपरेटरला वाटतं बटण दाबलंच गेलं नाही, म्हणून तो पुन्हा दाबतो. ते क्लिक रांगेत साठतात आणि खिडकी जागी झाली की एकच हुकूम दोनदा-तीनदा जातो. पलीकडे पाण्याचा पंप असेल तर काय होईल, विचार करा.

म्हणून घंटीची पद्धत. क्यूटीसीपीसॉकेटच्या चार घंट्या लक्षात ठेवा: ‘कनेक्टेड’, ‘रेडीरेड’, ‘एररऑकर्ड’ आणि ‘डिसकनेक्टेड’. प्रत्येकीला आधी आपलं फंक्शन जोडा, मगच ‘कनेक्टटूहोस्ट’ म्हणा. ते लगेच परत येतं. याचा अर्थ जोडणी झाली असा नाही. पाठवायचं ते ‘कनेक्टेड’ वाजल्यावर.

आता खरी मेख. वायरलेसवर बोलणं संपलं की आपण ‘ओव्हर’ म्हणतो. टीसीपीत ‘ओव्हर’ नाही. तो नुसता बाइटचा प्रवाह आहे. क्रम बिघडणार नाही एवढी हमी तो देतो. निरोप कुठे संपला हे सांगत नाही. ‘रेडीरेड’ वाजली म्हणजे काहीतरी आलं, एवढंच. अर्धा निरोप असेल, अडीचही असतील.

तेव्हा ‘ओव्हर’ आपणच ठरवायचं. प्रत्येक निरोपाआधी चार बाइटमध्ये त्याची लांबी पाठवा. घेणाऱ्याने आलेलं सगळं बफरमध्ये टाकावं. लांबी कळण्याइतके किंवा निरोप पुरा होण्याइतके बाइट नसतील तर गुपचूप परत जावं, पुढची घंटी वाजेल. पुरा झाला तर काढून घ्यावा आणि मागे दुसरा उभा आहे का ते पुन्हा पाहावं. इथे ‘इफ’ नको, ‘व्हाइल’ हवं. नवीन काही आलं नाही तर घंटी पुन्हा वाजत नाही आणि दुसरा निरोप तसाच पडून राहतो.

लांबीवर मर्यादाही घाला. चार बाइटमध्ये चार अब्जांहून मोठा आकडा मावतो. कोणी खोटी लांबी पाठवली तर तुमचा प्रोग्रॅम मेमरी संपेपर्यंत वाट बघत बसेल.

आपल्या मराठी मंडळींसाठी खास गोष्ट. ‘म्हैसूर’ वाचताना तीन अक्षरं, युनिकोडमध्ये सात चिन्हं, यूटीएफ-८ मध्ये २१ बाइट. लांबी नेहमी बाइटमध्ये मोजा. आणि निरोप पुरा झाल्याशिवाय त्याचा मजकूर करू नका, नाहीतर अक्षर मधोमध तुटून पडद्यावर चौकोन दिसतील.

शेवटची घंटी, ‘डिसकनेक्टेड’. पलीकडच्याने रीतसर निरोप घेतला तर ती वाजते. मध्येच कुठे केबल निघाली आणि कोणी काही पाठवतच नसेल, तर बराच वेळ शांतता. म्हणून टायमर लावून ठरावीक वेळाने ‘आहेस का?’ विचारा. उत्तर नाही आलं तर जोडणी तोडा, ऑपरेटरला स्पष्ट दाखवा.

या आठवड्याचा गृहपाठ: एकेक बाइट, मध्ये थांबत पाठवा. मग दोन निरोप एकत्र पाठवा. मग केबल उपटा. तिन्ही वेळा खिडकी हलती राहिली आणि निरोप अचूक आले, तरच काम पक्कं समजा.